तबीची गुलाबी चिठ्ठी

ही गोष्ट खरी आहे. अगदी शपथेवर खरी. पण आमच्या संडे स्कूलमध्ये शपथ घ्यायची नाही असं शिकवतात, म्हणून मी अर्धीच शपथ घेतो, आणि तुम्हीही गोष्ट अर्धीच खरी धरा. कुठली अर्धी ते मला विचारू नका. मला ती एका शेळीने सांगितली, आणि त्या शेळीला वाढवून सांगायची सवय होती.

तर बोरगव्हाण नावाचं एक इवलंसं गाव होतं. गावात एक चिमुकलं चर्च, चर्चच्या मागे एक अरुंद गल्ली आणि गल्लीच्या टोकाला पत्र्याचं एक इटुकलं घर. तिथे तबिथा राहायची. नऊ वर्षांची. सगळे तिला तबी म्हणायचे. तिची आई साराबाई गोधड्या शिवायची. कसल्या गोधड्या! लाल, जांभळ्या, मोरपंखी, हळदीसारख्या पिवळ्या. उन्हात वाळत घातल्या की फुलपाखरं फसायची आणि येऊन बसायची. आणि शिवता शिवता आई गायची. रविवारी चर्चमध्ये पहिली ओळ तीच उचलायची, मग बाकीचे मागून यायचे.

हे सगळं आधीचं. आता आई गात नव्हती. बोलतसुद्धा नव्हती. दोन महिने झाले, तिच्या तोंडून एक शब्द आला नव्हता. गोधडी शिवायची, पण फक्त पांढऱ्या चिंध्यांची. घरात लाल चिंध्यांचं गाठोडं होतं, ते तिने खाटेखाली सारून दिलं होतं. तबीचे बाबा, याकोबभाऊ, पावसाळ्यात तापाने गेले होते. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी बाबा नाहीत. इतकं पटकन, की त्यांचे चिखलाचे बूट अजून दारात ओलेच होते.

लोक यायचे. पाळकसाहेब प्रार्थना करून जायचे. शेजारच्या बायका भाकरी ठेवून जायच्या. “बोल गं सारा,” म्हणायच्या. आई मान खाली घालून टाके घालायची. तबी पाणी भरायची, चूल पेटवायची, भांडी घासायची, आणि कुणालाही सांगायची नाही की हे सगळं तिच्यामुळे झालंय.

म्हणजे तिला तसं वाटत होतं. ते कसं, ते सांगतो.

त्या चर्चमध्ये नवीन वर्षाच्या पहिल्या उपासनेला वचनांची डबी फिरवतात. डबीत रंगीबेरंगी कागदाच्या छोट्या छोट्या सुरळ्या. प्रत्येक घरातलं एक मूल एक चिठ्ठी उचलतं. त्यावर पवित्र शास्त्रातलं जे वचन निघेल, ते त्या घराचं वर्षभराचं वचन. दाराच्या वर चिकटवायचं. त्या वर्षी चिठ्ठ्या लिहायचं काम थॉमस मास्तरांकडे होतं. मास्तरांनी पहिल्या साठ चिठ्ठ्या छान निवडून लिहिल्या. मग त्यांचा हात दुखायला लागला. उरलेल्या चिठ्ठ्यांना त्यांनी पुस्तक जिथे उघडलं तिथली ओळ उतरवली.

तबीने पांढरी चिठ्ठी उचलली. हळूच उघडून बघितली तर त्यात लिहिलं होतं की देव तुमचं घर सांभाळील. शेजारी रिबेका बसली होती, तिची मैत्रीण. रिबेकाची चिठ्ठी गुलाबी होती. साधी गुलाबी नाही, बडीशेपेच्या गोळीसारखी गुलाबी, चाटावीशी वाटेल अशी. तबीला राहवलं नाही. बाकाखालून दोघींनी अदलाबदल केली.

घरी येऊन बाबांनी गुलाबी चिठ्ठी उघडली. त्यात निवासमंडपाच्या, म्हणजे देवाच्या तंबूच्या, पडद्यांना अडकवायचे सोन्याचे पन्नास आकडे होते. बाकी काही नाही. आकडे.

“पन्नास!” बाबा म्हणाले. “आणि सोन्याचे! सारे, ऐकलंस का? यंदा आपला संसार नीट टांगला जाणार.”

आई इतकी हसली की तिची सुई हरवली. चिठ्ठी दाराच्या वर चिकटवली.

आणि मग पावसाळ्यात बाबा गेले. तबीने दाराकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. सांभाळायची चिठ्ठी तिने देऊन टाकली होती. एका रंगासाठी.

आता सांगा, नऊ वर्षांच्या मुलीने हे कुठे ठेवायचं? तिने ते पोटात ठेवलं. पोटात ते दगडासारखं बसलं, आणि तिला भूक लागेनाशी झाली.

एका सकाळी ती काटक्या गोळा करायला मिशनच्या बागेत गेली. पाऊस नुकता उघडला होता. गवताच्या पात्यापात्यावर थेंबुकले चमकत होते, पेरूच्या फांदीवर पोपटांची शाळा भरली होती, आणि कुंपणावरच्या भोपळ्याच्या वेलाला पिवळीधम्मक फुलं आली होती. तबीला त्यातलं काहीही दिसलं नाही. ती वेलाखाली बसली आणि नुसती बसून राहिली.

तेवढ्यात एक फूल शिंकलं.

“आक्छी!” आणि फुलातून रुपेरी चमचम उडाली. मग त्यातून एक परी बाहेर आली. काडेपेटीतल्या काडीएवढी. पंख जांभळाच्या डागाच्या रंगाचे, झगा दवाचा, डोळे लुकलुक लुकलुक, नाक लालेलाल.

“बघतेस काय?” परी म्हणाली. “रुमाल दे ना.”

तबीने फ्रॉकचं टोक पुढे केलं. परीने त्यात नाक शिंकरलं.

“तू देवदूत आहेस?” तबीने विचारलं.

“नाही गं बाई. देवदूत उंच असतात आणि त्यांना सर्दी होत नाही. मी लुकलुकी. भोपळ्याची परी. तू मला रुमाल दिलास, म्हणून तुला तीन इच्छा.”

“तो रुमाल नव्हता. फ्रॉक होता.”

“मग तर तीन नक्की. ऐक, नियम आहेत. इच्छा मागायच्या आधी देवाचे उपकार मानायचे. एका गोष्टीबद्दल. खरेखुरे, तोंडाने, मोठ्याने. खोटे उपकार मानलेस तर इच्छा वाकडी जाते. मी नाही वाकडी करत हं, ती आपली आपणच जाते.”

“माझे बाबा परत...” तबीने सुरुवात केली.

परीचे पंख मिटले. “ते नाही, बाळा,” ती हळूच म्हणाली. “ते माझ्याकडे नाही. ते ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच आहे. मी भोपळ्याची परी आहे.”

तबीने बराच वेळ मातीत काडीने रेघा ओढल्या. मग म्हणाली, “बरं. देवा, सगळ्याबद्दल उपकार. आईने बोलावं.”

“सगळ्याबद्दल?” परी कळवळून म्हणाली. “अगं, सगळ्याबद्दल तुला कुठे वाटतंय...”

पण इच्छा सुटली होती. आणि वाकडी गेली होती.

तबी पळत घरी आली तर घरात बोलणं ऐकू येत होतं. ती आत शिरली. आई खाली मान घालून पांढरा टाका घालत होती. बोलत होती त्यांची शेळी.

“हा काय पाला आहे?” शेळी म्हणत होती. “कालचाच आहे. मला कळत नाही असं वाटतं का? आणि ही दोरी. मानेला घासते. गेल्या वर्षी मी आजारी होते, कुणी विचारलं? आणि पत्रा किती वाजतो! झोप म्हणून लागत नाही.”

शेळी दिवसभर बोलली. संध्याकाळपर्यंत अर्धं गाव दारात जमलं. पाळकसाहेब आले, शेळीने त्यांना सांगितलं की तुमचा उपदेश लांबतो. ते विचारात पडून घरी गेले. लोक हसून हसून लोळले. फक्त आईने मान वर केली नाही. घरात शेळी बोलायला लागली, तरी तिने मान वर केली नाही.

तबीने ते बघितलं, आणि तिला पहिल्यांदा भीती वाटली की आई आता कधीच परत येणार नाही. ती घरातच होती, पण येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तबी भोपळ्याच्या वेलाशी गेली. “मला उपकार मानायला काही सापडत नाही,” ती म्हणाली. “खरंच नाही. मी काल रात्री झोपताना शोधलं, सकाळी शोधलं. आई बोलत नाही. बाबा नाहीत. शेळी गप्प बसत नाही.”

“मोठं कशाला शोधतेस?” परी म्हणाली. “छोटं असेल एखादं. माझ्याएवढं.”

तबीने विचार केला. तिने खूप वेळ विचार केला. परी तीनदा शिंकली.

“आज लाकडं ओली होती,” तबी शेवटी म्हणाली. “तरी मी फुंकणीने एकदाच फुंकलं आणि चूल पेटली. शेजारच्या मावशीला चारदा फुंकायला लागतं. त्याबद्दल देवा तुझे उपकार.”

आणि गंमत बघा, हे बोलल्यावर तिच्या पोटातला दगड तांदळाच्या दाण्याएवढा हलला. जास्त नाही. दाण्याएवढाच.

“हे खरं आहे,” परी आनंदाने गिरकी घेत म्हणाली. “आणि हे तुला देवाने दिलेलं दान आहे बरं का. कुणाला गळा मिळतो, कुणाला पाठांतर. तुला फुंकर मिळाली. आता माग.”

“मला ती पांढरी चिठ्ठी परत हवी.”

“अर्धं काम मी करते, अर्धं तू. हा पण एक नियम आहे, काल सांगायचा राहिला. चिठ्ठी कुठे आहे ते मी सांगते, आणायची तू. मनवेलकाकांकडे.”

मनवेलकाका म्हणजे चर्चची घंटा वाजवणारे म्हातारे काका. तबीने त्यांचं दार ढकललं. घर थंडगार होतं. चूल विझलेली, कधीपासून कोण जाणे, तिच्यात मांजरीने पिल्लं घातली होती. काका खाटेवर बसून फुटाणे खात होते. उशाशी भिंतीवर पांढरी चिठ्ठी.

“काका, ती चिठ्ठी तुमच्याकडे कशी?”

“रिबेकाकडून घेतली. दोन पेरू दिले. पोरगी चार मागत होती.”

“तुम्ही पण बदललीत?”

“मला काय निघालं होतं माहितीये? कुणीतरी नऊशे वर्षं जगला आणि मेला. एवढंच. असलं दाराला लावतं का कुणी? सगळेच बदलतात गं. पाळकीणबाई तर दरवर्षी दोनदा बदलतात.”

तबीने चिठ्ठीवरची ओळ पुन्हा वाचली. “मग तुमचं घर देवाने सांभाळलं?”

काकांनी फुटाणा तोंडात टाकला नाही. हातातच धरून ठेवला. “तुझी काकू गेली ना, पोरी. तुझ्या बाबांनंतर आठ दिवसांनी. तोच ताप. तुम्ही तुमच्या दुःखात होता, तुमच्यापर्यंत आलं नसेल.”

तबीला वाटलं होतं की चिठ्ठी हातात आली की सगळं नीट होईल. आणि चिठ्ठी तर काहीच करत नव्हती. चांगली चिठ्ठीसुद्धा. हे तर आणखी वाईट होतं. आता जगात कुठेच काही उरलं नव्हतं.

“मग फाडून टाका ना ती!” ती ओरडली. “कशाला लावून ठेवलीय? खोटी आहे ती!”

काका रागावले नाहीत. “ती चिठ्ठी म्हणजे छत्री आहे का, पाऊस अडवायला?” ते म्हणाले. “काकूला शेवटच्या दिवशी काही दिसत नव्हतं. म्हणाली, ते भिंतीवरचं वाचा. मी वाचलं. म्हणाली, पुन्हा वाचा. मी संध्याकाळपर्यंत तेच वाचत होतो. तिने माझा हात धरला होता. मला वाटलं, आम्ही दोघंच नाही आहोत इथे. एवढंच झालं. जास्त काही नाही झालं.” मग ते म्हणाले, “तुला हवी असेल तर ने.”

तबीने चिठ्ठीकडे बघितलं. हात पुढे केला. मग मागे घेतला.

“राहू दे तुमच्याकडेच,” ती म्हणाली.

तिने मांजरीची पिल्लं एकेक करून टोपलीत ठेवली. ओल्या काटक्या चुलीत रचल्या. एकदाच फुंकलं. काटक्यांवर नारिंगी, सोनेरी, डाळिंबी जिभल्या नाचायला लागल्या. काकांनी जवळजवळ दोन महिन्यांनी घरात उजेड बघितला. तबीने त्यांना मऊ भात करून दिला, मीठ जास्त पडलं, काकांनी चाटूनपुसून खाल्लं.

बाहेर कुंपणावर लुकलुकी वाट बघत होती. “चिठ्ठी नाही आणलीस? इच्छा वाया गेली की.”

“त्यांना जास्त लागते,” तबी म्हणाली. आणि मग ती रस्त्यातच बसली आणि रडायला लागली. बाबा गेल्यापासून ती रडली नव्हती. आईला त्रास नको म्हणून. “माझ्यामुळे नाही झालं ना?” ती विचारत होती. “काकांकडे चिठ्ठी होती, तरी झालं. मग माझ्यामुळे नाही ना? पण मला अजून तसंच वाटतंय. का वाटतंय?”

“कारण ते तू अजून आत ठेवलंयस,” परी म्हणाली. यापुढचं तिच्याकडे नव्हतं. ती भोपळ्याची परी होती. ती तबीच्या गुडघ्यावर बसून राहिली आणि अधूनमधून शिंकत राहिली.

बऱ्याच वेळाने तबीने नाक पुसलं. “तिसरी इच्छा मागते,” ती म्हणाली.

“आधी उपकार.”

हे सगळ्यात अवघड होतं. “देवा,” ती म्हणाली, “बाबा होते. नऊ वर्षं होते. त्याबद्दल.” तिला पुढे बोलता येईना. परीने मान डोलावली. तेवढं पुरे होतं.

“मला आईला खरं सांगता यावं.”

“अर्धं माझं, अर्धं तुझं,” परी म्हणाली.

तबी घरी गेली. परीने आपला अर्धा भाग आधीच उरकला होता. शेळी गप्प झाली होती. तोंड उघडत होती आणि नुसतं “बें” येत होतं. तिला फार अपमान वाटला.

त्या शांततेत तबी आईच्या समोर बसली. “आई,” ती म्हणाली, “आपली चिठ्ठी पांढरी होती. सांभाळायची. मी ती रिबेकाला दिली. मला गुलाबी आवडली म्हणून. आणि बाबा गेले.” तिने सगळं सांगितलं. आकड्यांचं, काकांचं, काकूचं, भाताचं. सांगता सांगता ती डोळे घट्ट मिटून बसली, म्हणजे आई रागावली तर दिसू नये.

सुई थांबली.

शेळीनेसुद्धा वळून बघितलं.

“येडी,” आई म्हणाली.

आवाज गंजलेला होता. बिजागरीसारखा. दोन महिन्यांतला पहिला शब्द, आणि तो येडी.

“मीच त्यांना पत्र्यावर चढवलं,” आई म्हणाली. “एवढा पाऊस. म्हटलं, दगड ठेवा, पत्रा उडेल. ते म्हणाले, थांबल्यावर ठेवतो. मी म्हटलं, आत्ताच. ते भिजले. तोंड उघडलं असतं तर हेच बाहेर आलं असतं, तबे. दुसरं काही आलंच नसतं. आणि तुला कळलं असतं.”

“पण काकू कुठे पत्र्यावर चढली होती?” तबी म्हणाली.

आईने तिच्याकडे बघितलं. दोन महिन्यांनी, नीट, डोळ्यांनी. मग तिने तबीला ओढून जवळ घेतलं आणि दोघी अशा रडल्या, अशा रडल्या की मांडीवरची पांढरी गोधडी भिजून चिंब झाली. दुःख गेलं नाही. ते तिथेच होतं. पण आता ते दोघींनी मिळून धरलं होतं, आणि कुठलीही जड वस्तू दोघींनी धरली की निदान उचलता येते. संध्याकाळी आईने खाटेखाली हात घातला आणि गाठोड्यातली एक लाल चिंधी काढली. एकच.

रविवारी दोघी चर्चला गेल्या. मनवेलकाकांनी घंटा वाजवली. पेटी सुरू झाली. पहिली ओळ उचलायला कुणी नव्हतं, दोन महिने नव्हतं, सगळे एकमेकांकडे बघत सुरू करायचे. आज आई उठून उभी राहिली. तिने पहिली ओळ म्हटली. दुसरी म्हटली. तिसऱ्या ओळीला ती मध्येच थांबली आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

पेटी एकटीच वाजत राहिली.

मग तबी उठली आणि तिने तिसरी ओळ उचलली. एक सांगायचं राहिलं, तबीला अजिबात गाता येत नव्हतं. तिचा सूर असा होता की पेटीवाले भाऊ वाजवायचे थांबले आणि पेटीला काही झालंय का ते बघायला लागले. पण ती थांबली नाही. छाती भरून, पूर्ण दमाने, ती देवाची स्तुती करत राहिली. शेवटी सगळी मंडळी उठली आणि जिवाच्या आकांताने गायला लागली. निम्मे लोक स्तुती करायला आणि निम्मे तबीचा आवाज झाकायला. पण गाणं असं झालं की पत्रे थरथरले. आणि त्या सगळ्या आवाजांच्या मधोमध आईचा आवाज परत आला. आधीसारखा नाही, थोडा फाटलेला. पण आला.

खिडकीच्या निळ्या काचेशी लुकलुकी बसली होती. तबीने तिच्याकडे बघितलं.

“तुझ्या इच्छा संपल्या,” परी पुटपुटली. “आता उपकार मानलेस तर बदल्यात काही मिळणार नाही हं.”

“माहितीये,” तबी म्हणाली, आणि मानले.

परी हसली. तिचे जांभळे पंख उघडले, तिच्याभोवती निळा, सोनेरी, गुलबक्षी उजेड फुलला, मोठा मोठा झाला, बाकांवर सांडला, आईच्या केसांवर, काकांच्या टकलावर, थॉमस मास्तरांच्या दुखऱ्या हातावर. एक बारीकशी शिंक ऐकू आली. आणि खिडकीत नुसतं ऊन उरलं.

झाली गोष्ट. आता हात पुढे करा. नाही, टाळ्या नकोत. हं, पहिल्या रांगेतल्या, तुझ्या डब्यात एक करंजी आहे, मघापासून दिसतेय मला. अर्धी दे. गोष्ट अर्धीच खरी होती, मला मान्य आहे, म्हणून अर्धीच मागतोय. पण सारणाच्या बाजूची.